अंग पुसायचं नाही

६ सप्टेंबर

प्रिय लव्हॉन,

तू आणि हॅरोल्ड खुशाल असाल. आम्ही दोघं होतो तसेच आहोत. गॉर्डीचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा गॉर्डी जास्त कुरकुरतो. यंदा चोकचेरीची, त्या आंबटतुरट रानफळांची, झुडपं नुसती लगडली होती, म्हणून जेलीच्या दोन बाटल्या पाठवते आहे. त्यातली एक हॅरोल्डच्या नजरेला पडू देऊ नकोस.

आता बातमी. विद्यापीठाने आपला संघ बंद केला. मुलींचा पोहण्याचा संघ, ज्याच्यासाठी आपण दोघी विशीत भांडलो आणि ज्याची मी त्यानंतर जन्मभर कोच राहिले, तो. या मोसमापासून नाही म्हणजे नाही.

ब्रेंटने मला ऑफिसात बोलावलं. ब्रेंट म्हणजे आमचा नवा क्रीडा संचालक, ज्याचे दात फार पांढरे आहेत तो. टेबलावर माझ्यासमोर टिश्यूचा डबा आधीच मांडून ठेवला होता. मी तो उचलला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"मार्लिस, मला स्वतःला हे फार जड जातंय," तो म्हणाला. "पण पैशाची बाजू बघा ना. फुटबॉल वरच्या गटात चाललाय. तिथं टिकायचं तर हात सैल सोडावा लागतो."

"ब्रेंट, सामना आपल्याच मैदानावर असला तरी आदल्या रात्री तुमचा अख्खा फुटबॉल संघ हॉटेलात झोपतो. हॉटेलाच्या खिडकीतून त्यांना स्वतःच्या वसतिगृहातल्या खोल्या दिसतात. तेवढ्या गाद्यांच्या भाड्यात माझ्या मुली वर्षभर पोहतील."

"त्याच्यामागे झोपेचं शास्त्र आहे, मार्लिस."

"माझ्या मुली अंधारात उठून पाण्यात उतरतात. त्यांच्यासाठी काही शास्त्र निघालंय का?"

तो हसला. मग त्याने खरी गोष्ट काढली. विद्यापीठात जितक्या मुली शिकतात त्या प्रमाणात मुलींना खेळात जागा द्याव्या लागतात, तो कायदा तुला मी काय सांगणार! आमचा संघ बुडवला की तो हिशेब कोसळतो. म्हणून माझ्या सगळ्या मुलींची नावं त्याने क्रॉस-कंट्रीच्या संघात घातली आहेत. माळावरून मैलोन्‌मैल धावणाऱ्यांत! पोहणाऱ्या मुली!

"त्यांनी काही करायचं नाही," ब्रेंट म्हणाला. "फोटोच्या दिवशी यायचं, धावण्याचा पोशाख घालायचा, हसायचं. शिष्यवृत्ती चालू राहील. सगळे खूश."

"आणि सरावाला यायचं म्हटलं तर?"

"अहो, कोण येणार आहे?" म्हणाला आणि हसला. मी म्हटलं, ठीक आहे. त्याने माझे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. बिचारा.

ठराव जुलैत तुमच्या नियामक मंडळाच्या बैठकीत झाला म्हणे. तुला काही जाता आलं नसेल. उन्हाळ्यात तुझी पाठ धरली होती ना? इथे कुणी विचारलं तर मी तेच सांगते.

जेली घट्ट झाली आहे का, कळव.

तुझी,
मार्लिस


२७ सप्टेंबर

प्रिय लव्हॉन,

तुझं कार्ड मिळालं. त्यावरचा पाणपक्षी छान आहे. आत "तुझी आठवण येते" असं छापलेलं आहे आणि खाली तुम्हा दोघांच्या सह्या. हॅरोल्डची सहीसुद्धा तूच केली आहेस, अक्षर ओळखते मी. बाकी एक अक्षर नाही. असो, कामात असशील.

इकडची मजा ऐक. फोटो झाला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या सगळ्या मुली क्रॉस-कंट्रीच्या सरावाला हजर झाल्या. तिथला कोच डेस्मंड हा काडीसारखा तरुण, त्याच्याकडे मोजून सात मुली आणि एक खटारा व्हॅन. एवढी फौज बघून त्याचा चेहरा पडला.

"मार्लिस, अहो, या सगळ्या कुठून आल्या?"

"तुझ्या संघातून. फोटोत तूच मधोमध उभा आहेस."

तो पोट धरून हसायला लागला. म्हणाला, "तीन वर्षं मी दुसरी व्हॅन मागतोय. बरं झालं आलात."

बातमी ब्रेंटपर्यंत पोचली. तो पार्किंगमधून मैदानापर्यंत जसा पळत आला, तसं त्या दिवशी कुणीच पळालं नाही. "मुलींनो, मुलींनो, ही फक्त कागदावरची सोय आहे!"

माझी टेसा पुढे झाली. टेसा पश्चिमेकडच्या एका गुरांच्या रँचवरची, उताणी पोहण्यात आमची पहिली. तिच्या घरातून कॉलेजला आलेली ती पहिली आणि तिच्यामागे दोन बहिणी रांगेत. पोहणं गेलं तर शिष्यवृत्ती किती दिवस नुसत्या फोटोवर चालेल, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

"सर, तुमच्या म्हणण्याप्रमाणे मी धावपटू आहे ना?" ती म्हणाली. "मग धावपटूला बूट लागतात. माझा आठ नंबर."

"अगं, पण तू कागदावर आहेस!"

"कागदावर असले तरी पाय माझेच आहेत, सर. बूट द्या, नाहीतर नाव काढा."

नाव तो काढू शकत नाही. नावं काढली की हिशेब कोसळतो, आणि तो हिशेब याच महिन्यात वर जायचा आहे. स्वतःच खणलेल्या खड्ड्यात उभा होता बापडा. बूट आले. पोशाख आले. स्पर्धेच्या दिवशीचं जेवण मंजूर झालं आणि डेस्मंडला दुसरी व्हॅनसुद्धा मिळाली.

मग गेल्या शनिवारी गोल्फ कोर्सवर स्पर्धा झाली. माजी विद्यार्थ्यांचा मेळावाही त्याच दिवशी, म्हणजे फुटबॉलची जुनी मंडळी शेजारच्याच पार्किंगमध्ये गाड्यांची मागची दारं उघडून सॉसेज भाजत आणि बिअर पीत बसलेली. माझ्या मुली आपल्या संघाच्या पोहण्याच्या टोप्या घालून धावल्या. पोहणाऱ्यांचे घोटे किती ढिले असतात, तुला माहीतच आहे. पाण्यात तो गुण, माळावर ती शिक्षा. पहिल्याच चढावर अर्ध्याजणी चालायला लागल्या. सगळ्यांच्या मागे टेसा, घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, दोघींच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत. डेस्मंडच्या मुली कधीच पोचल्या होत्या, पण त्या उलट फिरून परत आल्या आणि हिच्याबरोबर चालायला लागल्या. तेव्हा मी रडले. ब्रेंटच्या टिश्यूची तेव्हा गरज होती.

फुटबॉलचं जुनं जाकीट घातलेला एक म्हातारा सॉसेज हातात धरून कुंपणाशी आला. "काय गं पोरी, या टोप्या कसल्या?"

"आमचा तलाव काढून घेतलाय, आजोबा," टेसा म्हणाली. "म्हणून माळावर पोहतोय."

हे वाक्य राज्यभरच्या पेपरात छापून आलंय. तुमच्या राजधानीतही पोचलं असेल. आता मंडळ हा विषय पुन्हा घेणार आहे, आणि तोही आमच्या इथे येऊन, मोठ्या सभागृहात, सगळ्यांसमोर.

तू येशीलच. या खेपेला पाठ सांभाळ.

मार्लिस


१४ ऑक्टोबर

लव्हॉन,

या वेळी खुशाली विचारत नाही.

जुलैची ती बैठक मी पाहिली होती. मंडळ आपल्या बैठका घरोघरी दाखवतं, हे तुम्ही खुर्चीवर बसलेली माणसं विसरता. मी आणि गॉर्डी स्वयंपाकघरात बसून बघत होतो. मी त्याला म्हणाले होते, बघच, आता लव्हॉन बोलेल आणि या सगळ्यांना गार करेल. तू बोललीस. "मी स्वतः या संघात पोहले आहे," म्हणालीस, "म्हणून हे सांगायचा अधिकार मला आहे. प्रत्येक गोष्टीचे दिवस असतात आणि ते संपतात." आणि हात वर केलास. तोवर दोघंतिघं चुळबुळत होते. तुझा हात बघून त्यांचेही वर गेले. गॉर्डीने टीव्ही बंद केला.

पाठीचं दुखणं मी तुला बसल्या बसल्या बहाल केलं होतं. नुसतं "हो गं, नव्हते मी" एवढं खोटं बोलली असतीस तरी मी मानून घेतलं असतं. तू मला पक्षी पाठवलास.

मला राग आला आहे आणि तो जाणार नाही. पण रागाहून जास्त दुःख झालंय. दुसऱ्या कुणीही हात वर केला असता तर मी फक्त भांडले असते.

तुला तो जानेवारी आठवतो का? पुरुषांचं आटोपल्यावर उरलेल्या वेळात आपण पोहायचो. संघ नाही, कोच नाही, गाडी नाही. केक-बिस्किटं विकून पेट्रोल घालायचो. विद्यापीठाचे अध्यक्ष भेटीची वेळ देत नव्हते. तूच म्हणालीस, "वेळ मागायचीच कशाला? पाण्यातून निघायचं आणि सरळ त्याच्या ऑफिसात जायचं. आणि कुणीही अंग पुसायचं नाही." पोहण्याच्या कपड्यांवर कोट टाकून आपण चौघी बर्फातून गेलो. केसांच्या काड्या झाल्या होत्या. त्यांच्या त्या निळ्या गालिच्यावर फतकल मारून बसलो आणि पाणी ठिबकत राहिलं. रुथॅनचे दात इतके वाजत होते की सेक्रेटरीने घाबरून कॉफी आणली. अध्यक्ष म्हणाले, "मुलींनो, आधी कोरड्या होऊन या, मग बोलू." आणि तू म्हणालीस, "आधी संघ द्या, मग कोरड्या होतो."

रुथॅन गेली. तिची टोपी माझ्याकडे आहे. या बैठकीला ती टेसा घालणार आहे.

काल ब्रेंट घरी आला होता. मुलींना गप्प बसवलंत तर तलावाला तुमचं नाव देऊ, म्हणाला. रिकाम्या तलावाला! मी म्हटलं, त्यात गाद्या टाक आणि तुझे फुटबॉलवाले झोपव, हॉटेलाचे तरी वाचतील. गॉर्डी गुडघा विसरून त्याला बाहेरचं दार उघडून द्यायला उठला.

तर आता ऐक. बैठकीच्या दिवशी तलावातून सभागृहापर्यंत मुली तशाच ओल्या चालत येणार आहेत. डेस्मंडच्या सातजणीही येणार, त्यातल्या एकीलाही पोहता येत नाही, त्या नुसत्या भिजून येणार आहेत. मीही येणार आहे, या वयात, पोहण्याच्या कपड्यांत. गॉर्डीला हसायचं नाही म्हणून दम दिला आहे.

मुलींनी विचारलं, ही कल्पना मुळात कुणाची? मी खरं तेच सांगितलं, लव्हॉनची. तेव्हापासून टेसा सारखी विचारते, त्या येणार ना, आम्हाला भेटतील ना? जुलैचं मी तिला काही सांगितलेलं नाही. ते सांगायचं असेल तर तू सांग, तिच्या डोळ्यांत बघून.

मंडळाच्या टेबलामागे तुझी खुर्ची असेल, नावाच्या पाटीसकट. आणि समोर जमिनीवर, माझ्या शेजारी, आम्ही एक जागा रिकामी सोडणार आहोत. इकडे बसायचं ठरवलंस तर टॉवेल आणू नकोस.

अजूनही ओलीच असलेली,
मार्लिस