पीचच्या झाडाची रजई

१ डिसेंबर, सकाळ
आज थंडी पडली आणि एकदम ती पायरी आठवली. शाळेची बस यायच्या आधी मी आणि माझी धाकटी बहीण बेबी मागच्या दाराच्या पायरीवर बसायचो. दोघींच्या खांद्यांवर मिळून एकच रजई, आणि हातात आईच्या निळ्या टी-सेटमधला एकच कप. पहिला घोट बेबीचा. रोज. मी कधी तक्रार केली नाही. आजही करत नाही, नुसतं लिहून ठेवते.

तो सेट सध्या माझ्या शोकेसमध्ये आहे. आई गेल्यावर बेबी म्हणाली होती, ताई, तुझ्याकडे काय नि माझ्याकडे काय, एकच. मनाचा मोठेपणा दाखवायची हौस तिला पहिल्यापासून. मग आम्ही एकाच दिवशी, एकाच रोपवाटिकेतून पीचची दोन रोपं आणली, तेव्हा मीच पैज लावली. जिच्या झाडाला आधी फळ धरेल, सेट तिचा, कायमचा. रोपवाटिकेवाले म्हणाले होते, तिसऱ्या वर्षी धरेल. हे तिसरं वर्ष.

माझं झाड स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे, उबेला. बेबीचं तिच्या परसातल्या उघड्या कोपऱ्यात. त्याला कुणी विचारतही नाही. निकाल मला माहीत आहे.

४ डिसेंबर
झाडाला माया लागते. बुंध्याभोवती पोतं, फांद्यांना जुने स्वेटर आणि वरून मोठी रजई गुंडाळली. आत बाथरूममधला शंभरचा बल्ब लावला. शाळेत मला नीडलवर्कचं बक्षीस होतं, ते टाके आज कामी आले. एक फांदी तेवढी बाहेर राहिली, रजई पुरली नाही.

रात्री ह्यांनी विचारलं, माझी रजई कुठे? मी म्हटलं, तुमच्या अंगात मुळातच ऊब आहे.

१२ डिसेंबर
बेबीकडे गेले होते. तिच्या झाडावर एक पान नाही. नुसता खराटा उभा केल्यासारखा! मला इतकं वाईट वाटलं, की केकचे दोन तुकडे खाल्ले. बेबी म्हणाली, अगं झोपलंय ते, झोपू दे. हिचं हे नेहमीचंच. शाळेत स्टडी अवरला डेस्कवर डोकं ठेवून झोपायची आणि वर्गात पहिली यायची. सिस्टर तिला काही बोलायच्या नाहीत. मी जागी असायचे, मला बोलायच्या.

घरी येऊन रजईत डोकावले. माझं झाड हिरवंगार! संध्याकाळभर गुणगुणत होते म्हणे. हे म्हणाले. मला आठवत नाही.

२० जानेवारी
ह्यांना महिनाभर सर्दी आहे. आज नाश्त्याच्या वेळी पेपरातलं बागकामाचं सदर मोठ्याने वाचत बसले, मधूनमधून शिंकत. म्हणे, पीचसारख्या झाडांना हिवाळ्यात थंडी मिळावीच लागते. कळ्या गारठ्यात झोपतात. ती झोप पुरी झाली तरच वसंतात उघडतात, नाहीतर बसतात तशाच मिटून. एवढं वाचून पेपर खाली ठेवला आणि विचारलं, मग बाईसाहेब, माझी रजई तिथे काय करतेय?

मी म्हटलं, पेपरवाले काय, काहीही छापतात.

२१ जानेवारी
रजई काढली. त्या सदराचा काही संबंध नाही. तिला ऊन दाखवायचंच होतं.

नेमकी आजपासून हवा गरम झाली. आता थंडी कुठून आणू? फ्रीजमधला सगळा बर्फ बुंध्याशी ओतला. हे खिडकीतून ओरडले, अगं, थंडी कळ्यांना हवी, पायांना नाही. मग बर्फाच्या पिशव्या फांद्यांना टांगल्या. वजनाने एक फांदी मोडली. छोटीच होती. तशी नकोच होती.

२३ जानेवारी
काल अचानक मनात आलं, बेबीचं झाड बिचारं एकटं उघड्यावर. सख्खी बहीण असून मी एवढं करू नये? रजई धुऊन, वाळवून घेऊन गेले. तिच्या झाडाला स्वतःच्या हाताने गुंडाळणार होते, घट्ट, सुतळीने. निव्वळ मायेपोटी. सुतळी पर्समध्ये होती.

दारातच बेबीने रजई हातातून घेतली. मी तोंड उघडायच्या आत पांघरली, नाकाशी धरली आणि रडायलाच लागली. म्हणाली, ताई, तुला कसं गं कळलं? एकटीला या घरात फार गारठा वाटतो, कुणाला सांगणार? मी सुतळीची पर्स मागे सरकवली. मी म्हटलं, कळतं मला.

मग मागच्या पायरीवर बसलो, एकाच रजईत, समोर तो खराटा. तिने साध्या मगमध्ये चहा आणला, पहिला घोट स्वतः घेतला आणि मग मला दिला. मी बोललेच शेवटी. म्हटलं, अजून तुझाच नंबर पहिला? तर म्हणते, अगं वेडे, लहानपणी तुझी जीभ भाजायची ना, म्हणून मी आधी पिऊन बघायचे.

हे मला पटलेलं नाही. चहा मात्र बेताचाच गरम होता.

१० मार्च
बेबीचं झाड गुलाबी झालंय. सगळंच्या सगळं. पान एक नाही, नुसती फुलं. रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. मी नाही थांबले. तीनदा गेले, पण थांबले नाही.

माझ्या झाडावर फुलं आली ती एकाच फांदीवर, रजईबाहेर राहिलेल्या. ती पहिल्यापासून माझी लाडकी. मी ह्यांना तसं सांगितलं. हे शिंकले.

२ एप्रिल
फळ धरलं! लाडक्या फांदीवर एक. वाटाण्याएवढं, पण पीचच. बेबीला फोन केला. ती म्हणाली, वा ताई! माझ्याकडे तर इतकी धरलीत की विरळ करावी लागणार. आनंद झाला मला. फोन ठेवून तासभर शोकेस पुसली. माझं आधी धरलं असू शकतं. तारीख कोणी बघितलीय?

५ एप्रिल
फळ गळून पडलं.

६ एप्रिल, दुपार
कुणी म्हणायला नको, म्हणून लिहून ठेवते. निळा सेट बेबीला. किटली, दूधदाणी, बशा, सगळं जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. बागकामाचं पान त्यासाठी चालेल. रजई तिच्याकडेच राहू द्यायची, परत मागायची नाही. ह्यांना नवी रजई, आजच्या आज, माझ्या रजईपेक्षा जाड. बल्ब बाथरूमला. स्वेटर धुऊन माझ्या कपाटात. झाडाला पुढच्या हिवाळ्यात काहीही द्यायचं नाही. कितीही दया आली तरी.

सेटमधला एक कप मी ठेवून घेते आहे, पायरीवरचा. बेबी आली की चहा त्यातच करायचा. पहिला घोट तिला द्यायचा. चहा गरम असतो.