‘शा’ म्हणायचं नाही

२ मे

आजपासून तोंडाला कुलूप!

सकाळी पिलं वाढवायच्या केंद्रावर पांढरा झगा अंगावर चढवला. डोक्यावर टोपडं, तोंडापुढे जाळी, उजव्या हातात क्रौंच पक्ष्याचं खोटं डोकं. लांब चोच, रंगवलेले डोळे, आत माझी बोटं. आरशात पाहिलं तर भूत! मला सोडायला आलेला अल्सीद ट्रकमधून उतरलाच नाही, इतका हसत होता. "लग्नाला चाळीस वर्षं झाली, मला जमलं नाही ते या पाखरांनी केलं. तुला गप्प बसवलं!" हसता हसता खोकला लागला मेल्याला. बरं झालं.

नियम एकच. कुंपणाच्या आत माणसाचा शब्द निघता कामा नये. डॅफ्नी आमची वरिष्ठ, ओहायोकडची, मुळातच तोलूनमापून बोलणारी; वयाने मोठ्या बाईला इथल्यासारखं ‘मिस’ म्हणायला तेवढी शिकली आहे. म्हणाली, "पिलांनी झग्याला आई समजायचं, मिस ओडील. माणसाला नाही. माणसाच्या आवाजाची ओढ लागली तर ते जन्मभर माणसामागे फिरेल. त्याला मोकळं सोडताच येणार नाही. आणि सोडलंच, तर बंदूकवाल्याच्याही जवळ जाऊन उभं राहील."

कळलं बाई. पण तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे मी. मागच्या बाकावरच्या पोरांना आरशातून ओरडण्यात हयात गेली. दिवसभर पोटात साठलेलं कुठे ओतू? म्हणून ही वही.

६ मे

नऊ नंबर अंड्यातून बाहेर आला! दालचिनीच्या रंगाचा, ओलाचिंब, मान धरवत नाही. नावं ठेवायची नाहीत, फक्त नंबर. नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते म्हणे. खरंच आहे.

८ मे

नऊ खात नाही. बाकीची पिलं चोचीतून किडा ओढून घेतात, हा नुसता बघतो. त्यात उजव्या पायाचं एक बोट वाकडं. डॅफ्नीने काडीची पट्टी बांधली आणि मान हलवली. मला तिचं ते मान हलवणं अजिबात आवडलं नाही.

माझे आजोबा याच दलदलीत शिकार करायचे. पांढरे क्रौंच तेव्हा इथे पैशाला पासरी होते, आमच्या लोकांनी त्यांचा गंबो, म्हणजे दाट रस्सा, करून भाताबरोबर ओरपला. मग एक दिवस एकही उरला नाही. आणि आता त्यांची नात झगा घालून एका पिलापुढे हात जोडून बसली आहे, खा रे बाबा म्हणून. आजोबा वरून बघत असतील तर लाजत असतील. नाहीतर भूक लागली असेल त्यांना.

९ मे

खाल्लं!!

दुपारभर त्याच्यापुढे मांडी घालून बसले होते. किडा धरायचा, चोच हलवायची, पुन्हा धरायचा. हात भरून आला. तो आला, चोचीला डोकं टेकवलं, डोळे मिटले. मग उघडले, आणि किडा गट्ट! मग दुसरा. मग तिसरा. जाळीच्या आत माझं तोंड ओलं झालं. आणि तोंडातून चकार शब्द नाही! अल्सीदला सांगितलं तर म्हणाला, "सिद्ध कर."

१० मे

पुन्हा खाल्लं. डुकरासारखं.

२९ मे

रोजची फेरी. मी पुढे, माझ्यामागे तुरुतुरु नऊ. पायांत बळ यावं म्हणून चालवायचं, पाण्यातून न्यायचं. वाकडं बोट सरळ झालं आहे. मी थांबले की तो थांबतो. मी वाकून गवतात चोच घातली की तोही घालतो. आज एक क्रॉफिश, चिखलातली नांगीवाली कोळंबी, पकडली त्याने. तिने नांग्या उगारल्या तर घाबरून माझ्या झग्यात शिरला, मग बाहेर येऊन तिच्याकडे अशा रुबाबात बघितलं की बस्स. माझा धाकटा असाच होता. अजून आहे.

व्हर्ना बाजूच्या आवारात असते, चार आणि पाच नंबरवाली. मामू गावची आहे, नवरा गेल्यापासून एकटी. तिला गुणगुणायची सवय. आज मी कुंपणाबाहेर आल्यावर तिला बजावलं, "तोंड सांभाळ हं बाई." ती म्हणाली, "मी तर घशातसुद्धा गात नाही." बघू.

१७ जून

नऊची मान आता माझ्या कमरेला लागते. पिसांत पांढरं दिसायला लागलं. मला बघितलं की पंख उघडून येतो. मला म्हणजे झग्याला. विसरायला होतं.

३ जुलै

घात झाला.

सकाळी खाद्याचा ट्रक आला. ट्रकवाल्याने कुंपणाबाहेर पोतं उतरवलं आणि आपल्या कुत्रीला म्हणाला, "चल शा, बस गाडीत." बस्स, एवढंच. आणि नऊने मान वर केली. धावत सुटला! थेट कुंपणाकडे, पंख उघडून, चीं चीं करत. जाळीतून चोच बाहेर काढून त्या माणसाच्या हाताशी! ट्रकवाला खूश. म्हणतो, "अरेच्चा, लाडाचं दिसतंय!"

डॅफ्नी पांढरी पडली. बाहेर आल्यावर विचारलं, "शा म्हणजे काय?"

आता काय सांगणार? शा म्हणजे बाळ, राजा, सोनं. शा म्हणजे सगळंच. आम्ही नवऱ्याला शा म्हणतो, नातवाला म्हणतो, मांजरीला म्हणतो, दुकानात पिशवी भरून देणाऱ्या अनोळखी पोरीलाही म्हणतो. अख्ख्या परगण्यात सकाळपासून रात्रीपर्यंत हाच शब्द.

"म्हणजे," डॅफ्नी म्हणाली, "हा पक्षी या परगण्यात कुणाच्याही हाकेला धावत जाईल."

कुणीतरी आत बोललं आहे. माझं डोकंच फिरलं. तडक व्हर्नाकडे गेले. सांगितलं होतं ना तुला! तुझी ती गुणगुण! एका पिलाच्या जिवाशी खेळ मांडलास! बरंच बोलले. तिने डब्याचं झाकण लावलं आणि गाडीत जाऊन बसली.

४ जुलै

पिलांची हाक टिपायला आवारात एक यंत्र लावलेलं असतं. डॅफ्नीने आज ते ऐकवलं. मे महिना, नऊचं आवार. किड्यांची किरकिर, पिलाची चीं चीं, आणि मग कुजबुज.

"खा ना, शा. खा रे शा. असंच, शा."

आवाज माझा.

सगळीकडे माझाच. मे, जून. फेरीत, पाण्यात, खाताना. मला पत्ताच नाही! श्वास घेतल्यासारखा तो शब्द तोंडातून जात होता. आणि मी वर वहीत लिहिते, चकार शब्द नाही!

बाहेर सगळा गाव स्वातंत्र्यदिनाचे फटाके उडवतोय. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

५ जुलै

व्हर्नाच्या घरी गेले. अंजिराचा केक नेला. तिने दार उघडलं, केक घेतला, दार लावलं. मग पुन्हा उघडलं. "ये आत. पण आधी सॉरी म्हण, मोठ्याने. तुला आवाज काढता येतो हे सगळ्यांना माहीत आहे आता."

म्हटलं. दोघीही हसलो, मग दोघीही रडलो.

७ जुलै

डॅफ्नीने सरळ सांगितलं. ऑक्टोबरमध्ये सोडायची वेळ येईपर्यंत नऊ हा शब्द विसरला नाही, नव्हे, त्याला भ्यायला शिकला नाही, तर तो जाळीत राहील. जन्मभर. जगात मुळात आहेत किती हे पक्षी, आणि त्यातला एक माझ्या लाडापायी बाद!

"दुसरा उपाय नाही का?" मी विचारलं.

"एक आहे. पण तुम्हालाच करावा लागेल, मिस ओडील. तो तुमचा आवाज ओळखतो."

९ जुलै

झगा आता व्हर्नाच्या अंगावर. नऊची आई ती. मी साध्या कपड्यांत, हातात दोन पातेली.

ठरलं होतं असं. मी कुंपणाच्या दारातून शिरायचं, शा म्हणायचं, आणि पातेली बडवायची. झग्यातल्या व्हर्नाने यंत्रावर क्रौंचाची धोक्याची हाक वाजवायची आणि पळायचं, म्हणजे नऊही पळेल.

मी म्हटलं, "शा." व्हर्ना पळाली. नऊ माझ्याकडे आला.

धावत आला गं! मी पातेली बडवली तरी थांबला नाही. माझ्या बुटाची नाडी चोचीत धरली आणि वर बघितलं. मी बडवतेय, ओरडतेय, आणि हा बघतोय, की आज तुला झालंय तरी काय. शेवटी डॅफ्नीने पाण्याचा फवारा सोडला त्याच्यावर.

मला जेवण गेलं नाही.

१० जुलै

पुन्हा तेच. आज नाडी धरली नाही. पण आला.

१५ जुलै

आज अर्ध्यावर थांबला.

त्याने एकदा व्हर्नाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग व्हर्नाकडे गेला. बाहेर आल्यावर डॅफ्नीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. तिची काय चूक?

व्हर्ना म्हणते, नऊ तिच्या झग्यात डोकं खुपसतो. जळले मी! साठीच्या बाईने एका पाखरावरून जळावं!

२ ऑगस्ट

अल्सीदने सकाळी दारातून हाक मारली, "शा, कॉफी?" आणि माझ्या हातातून कप सुटला. फुटला. तो बघत राहिला. तुकडे उचलले त्याने. दुपारी मला "ओडील" म्हणाला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. दवाखान्यात नाव पुकारतात ना, तसं वाटलं.

पण त्याला कसं सांगू? रोज सकाळी मी तोच शब्द ओरडते, पातेली बडवते, आणि ज्याला मी हाताने भरवलं तो माझ्यापासून लांब पळतो. घरी तो शब्द नकोच वाटतो.

२४ ऑगस्ट

उडाला! आवाराच्या या टोकाकडून त्या टोकाकडे. पाय लोंबत होते, उतरताना तोंडावर पडला. उठून असा आव आणला जणू तसंच ठरलं होतं. कुंपणाबाहेरून दुर्बिणीतून बघितलं. मोठ्याने हसायचीसुद्धा चोरी.

११ सप्टेंबर

मला नुसतं दारात बघून पळतो. शब्दाचीही गरज नाही. डॅफ्नी खूश. "छान चाललंय, मिस ओडील." हो. छानच.

अल्सीद अजून ओडीलच म्हणतो.

८ ऑक्टोबर

परीक्षा! डॅफ्नीने खाद्याच्या ट्रकवाल्याला मुद्दाम बोलावलं. सांगितलं, कुंपणाशी उभं राहून कुत्रीला बोलवतोस तसं बोलव. त्याला काही कळेना. टोपी मागे सारून म्हणाला, "इकडे ये, शा!"

नऊने मान उंच केली. एक क्षण. माझा जीव टांगणीला. मग वळला, पंख फडफडवत थेट पाण्याच्या पलीकडच्या टोकाला.

ट्रकवाला हिरमुसला. "तेव्हा तर किती लाडाचा होता! काय केलंत बिचाऱ्याला?"

व्हर्नाने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

२१ ऑक्टोबर

सोडले. सगळे. झगेवाल्यांनी दलदलीत नेले, दार उघडलं. मी लांबच्या बांधावर अल्सीदबरोबर. नऊच्या डाव्या पायात हिरवं कडं, दुर्बिणीतून ओळखला. थोडा वेळ बाकीच्यांबरोबर चरला, मग सगळे उठले. मी हात हलवला. कुणाला, देव जाणे. अल्सीद म्हणाला, "चल ओडील, डास फोडून काढतील."

३० नोव्हेंबर

बदकांच्या शिकारीचा मोसम. दिवसभर ठो ठो. प्रत्येक आवाजाला खिडकीशी जाते. व्हर्ना फोनवर म्हणाली, "ते शिकारी वेगळे, ते नियम पाळतात. भीती आहे ती ट्रकमधून गंमत म्हणून गोळ्या झाडणाऱ्या टाळक्यांची." फार धीर दिलास बाई!

१९ डिसेंबर

सकाळी तळ्यातले क्रॉफिशचे सापळे उचलायला अल्सीदबरोबर बोटीत होते. आमच्या तळ्याच्या पार कडेला पांढरंशुभ्र काहीतरी उभं. डाव्या पायात हिरवं कडं. नऊ! आमचीच क्रॉफिश खात! मी अल्सीदचा दंड धरला, श्वाससुद्धा घेतला नाही.

तेवढ्यात बांधावर एक ट्रक थांबला. काच खाली झाली. आतून लांबट काहीतरी बाहेर आलं. कॅमेरा असेल. नसेलही. नऊ खाली मान घालून खाण्यात दंग. मी बोटीत उभी राहिले आणि सगळा जीव एकवटून ओरडले —

"शाऽऽऽ!"

उडाला. असा उडाला की पाणी उसळलं! तळ्यावरून, बांधावरून, पार दलदलीकडे. ठिपका होईपर्यंत बघत राहिले. ट्रक थोडा वेळ थांबला, मग निघून गेला.

मी खाली बसले आणि ढसाढसा रडले. अल्सीदने बोट वळवली. मग माझ्याकडे न बघता, भीतभीतच म्हणाला, "चल शा, घरी जाऊ."

गेलो.