देवपुरातलं माझं मौनव्रत

देवपूर, धुळे
रविवार

प्रिय हिलालभाऊ,

माझा जय जिनेंद्र आणि तुझ्या पद्धतीचा रामराम. शिंदखेड्यात तू, सुंदरबाई वहिनी आणि तुझा तो मारका बैल, सगळे ठणठणीत असाल. माझं म्हणशील तर लकवा मारून चार महिने झाले. डावा पाय ओढत का होईना चालतो, उजवा हात शाबूत आहे (म्हणून हे पत्र), फक्त जीभ अजून जागेवर आलेली नाही. रोज अर्धा तास मोठ्याने बोलायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. पण बोलू कुणाशी? चाळीस वर्षं भांडलो ते तुझ्याशी, आणि तू पडलास तिकडे. तुझी फार आठवण येते रे.

घरात मी नुसतं "पा" म्हटलं की तुझी वहिनी कुसुमलता पाणी आणते, मुलगा रोनक पायांवर पांघरूण घालतो आणि सूनबाई विधी पापड भाजायला धावते (पापड मला बंद आहे, तो तीच खाते). मला विचारायचं असतं, पाऊस थांबला का. सगळी मायाळू माणसं आहेत, रागवायचं तरी कुणावर!

त्यात आमचं पर्युषण आलं, उपास-व्रतांचे आठ दिवस. भेटायला येणाऱ्यांपुढे तोंड वाकडं होतं, म्हणून मी आपला गप्प बसायचो. तर शेजारच्या झुंबरबाईंनी एकदम हात जोडले आणि गल्लीभर सांगितलं, घेवरचंदजींनी मौन धरलंय! झालं! कालपर्यंत "अरेरे" करत येणारे लोक माझ्या तपाची अनुमोदना, म्हणजे वाहवा, करायला नारळ घेऊन येऊ लागले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बिचारा होण्यापेक्षा तपस्वी होणं केव्हाही चांगलं. आठ दिवसांचं मौन मी एकवीस दिवस ताणलं. शेवटी आमच्या जैन स्थानकात, साधू उतरतात तिथे, सत्कार ठरला तेव्हा कुसुमलता कडाडली, "डॉक्टर बोला म्हणतात आणि तुम्ही व्रतं करताय!" डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर जीभ होती त्याहून जड झालेली. सत्कार रद्द झाला, नारळांची चटणी झाली (तीही मला बंद).

तुझी कापूस वेचणी चालू असेल. मुद्दाम येण्याची गरज नाही.

तुझा
घेवरचंद

ता. क. : बुधवारी तू फोन केलास, "घेवर, बोल ना भो" असं तीनदा म्हणालास आणि रेंज नही शे म्हणून ठेवून दिलास. रेंज होती. फोन मीच उचलला होता, "हि"च्या पुढे जीभ सरकेना.

आणखी एक : वेचणी राहू दे, ये. सवडीने ये, दिवसभर थांब. मला तुझं नाव पूर्ण घ्यायचंय.