नेलच्या नावाची कबर

प्रिय नेल,

पाकिटावर तुझं ते नवं नाव घातलंय आणि पत्र नेहमीच्या पोस्टाच्या पेटीवरच धाडतेय, घरच्या पत्त्यावर नाही, तेव्हा आधी श्वास सोड. रॉस्को वारला तेव्हा तुझं कार्ड आलं होतं, आत सहीसुद्धा नव्हती. आपल्या भावाच्या मरणावर बिनसहीचं कार्ड! त्यानंतर तुझ्याकडून चकार शब्द नाही. मी मात्र अजून त्याच घरात आहे, गुडघे गेलेत आणि जीभ शाबूत आहे.

बातमी अशी की गावात टीव्हीवाले येऊन गेले. या मुलखात काळ्या माणसांचं काय काय केलं गेलं, पार गुलामीपासून, त्यावर माहितीपट काढतायत. काढणारी पोर डेट्रॉइटची, इमानी नावाची. आजोबा इथलेच, म्हणून जीव तुटतो तिचा. माझ्या स्वयंपाकघरात दिवे लावले आणि म्हणते कशी, "अर्लीनआजी, फ्रिज बंद करू? आवाज येतोय." मी म्हटलं, "कर बाई. मला आयुष्यभर गप्प बसवलं, आता फ्रिजलाही बसव." सगळे हसले. आइस्क्रीमचं मात्र पाणी झालं.

मग सांगत सुटले. गोऱ्या पोरांची शाळेची बस आपल्या अंगावर धूळ उडवत जायची ते सांगितलं. पपा मतदार यादीत नाव घालायला कचेरीत गेले आणि संध्याकाळच्या आत गोऱ्या जमीनमालकानं आपल्याला खोपटातून बाहेर काढलं, तेही सांगितलं. रस्त्यावर टाकलेली गादी आणि तिच्यावर हाताची घडी घालून बसलेली तू, मला अजून दिसतेस. त्याच वर्षी तू मेम्फिसच्या बसमध्ये चढलीस आणि पुढं, गोऱ्यांच्या बाकावर बसलीस. मम्माच्या माहेरची गोरी कातडी तुलाच मिळाली होती ना, कुणी उठवलं नाही तुला. ती जी बसलीस ती बसलीसच. हे मी कॅमेऱ्यापुढे बोलले नाही.

आणखी एक बोलले नाही. तू त्या मोठ्या दुकानात टोप्या विकत होतीस तेव्हा मम्मा तुला बघायला गेली होती. गिऱ्हाईक म्हणून. काळ्या बाईनं टोपी डोक्याला लावायची नाही हा तिथला नियम, आणि तो मम्माला सांगायचं काम तुझ्यावर आलं. "हातात धरून बघा, डोक्यावर नको," असं तू म्हणालीस. घरी येऊन मम्मा काय म्हणाली माहितेय? "किती सफाईनं बोलते गं माझी पोर!" आणि न घालता घेतलेली ती टोपी, जराशी घट्टच, दर रविवारी चर्चला घालून जायची. मला तेव्हा तुझा संताप आला होता. खरं सांगू, अजून येतो.

तर भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवून इमानीनं विचारलं, "तुमच्या शेजारची ही कोण?" आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. कुणी पलीकडं, गोऱ्यांत मिसळून गेलं की घरच्यांनी ओळख द्यायची नाही, रस्त्यात समोर आलं तरी नजर वळवायची. मम्मानं घोटून घेतलं होतं, कुणी विचारलं तर सांगायचं, तापानं वारली. तेच तोंडून निघालं. आता इतक्या वर्षांनी कोण जाऊन सांगणार होतं तुझ्या नवऱ्याला, तुझ्या गोऱ्या नातवंडांना! पण निघालं. पोरीचे डोळे भरले. म्हणाली, "आजी, तिची कबर कुठं आहे?"

झाली ना पंचाईत! नेमकी त्याच आठवड्यात, शनिवारी, कबरस्तानाची साफसफाई. सगळं चर्च कुदळी, मक्याच्या भाकऱ्या, तळलेले मासे घेऊन हजर, आणि कॅमेरा माझ्या मागं मागं. आपल्या अर्ध्या कबरींना दगड नाहीत, तुला माहीतच आहे. देवदाराखाली एक छोटा उंचवटा आहे, वर पांढरे शिंपले मांडलेले, कुणाचं लेकरू आहे कुणालाच ठाऊक नाही. तिथं मी उभी राहिले आणि तीच तुझी म्हणून गवत उपटायला लागले.

तेवढ्यात पर्विस आला. तोच, शाळेत तुझ्या वेण्या ओढायचा तो, पुढं चर्चचा कारभारी झाला. तू तापानं वारली नाहीस हे माझ्याशिवाय एकट्या त्यालाच माहीत होतं. त्यानं कबरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, टोपी काढली आणि मयतीचं भजन सुरू केलं. मला सांभाळून घ्यायला केलं गं त्यानं. बघता बघता सगळे जमले, गायला लागले, कुणीतरी माझे खांदे धरले. नेल, तुझी मयत झाली. आणि मी रडले. नाटक नव्हतं ते, हुंदके आवरेनात मला.

इमानीनं तो भाग मला दाखवला. म्हणते, "आजी, अख्ख्या माहितीपटाचा जीव आहे हा." कपाळ माझं! पपांचं खरं, बसचं खरं, आणि लोक रडणार कशावर, तर माझ्या थापेवर. उद्या हे उघडकीला आलं तर पपांचंही खोटं ठरवायला लोक टपलेलेच आहेत.

म्हणून लिहितेय. महिनाअखेरपर्यंत तो भाग काढता येतो. मी तिला सांगेन, ती कबर माझ्या बहिणीची नाही, माझी बहीण जिवंत आहे. तुझं नाव, गाव, काही सांगणार नाही. पण नेल, हे सांगायला आधी तू आहेस हे मला माहीत हवं. गेल्या आठवड्यात पर्विसही वारला. आता तुझं खरं ठाऊक असलेलं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. एक कार्ड टाक, सही नसली तरी चालेल. काहीच आलं नाही, तर तो भाग खोटा आहे असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

अजूनही तुझीच,
अर्लीन