खालच्या फाटकाची कडी

मी, उतारावरच्या घराची मालकीण, वय वर्षे सहासष्ट, कुणाच्या दबावाखाली नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी रागात हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रागाला दाखला लागत नाही, असे वकील म्हणाले. त्यांनी मला विशेषणे गाळायलाही सांगितले होते, ते काही जमले नाही.

लिहायला बसण्याचे कारण असे. गेल्या महिन्यात मी तापाने अंथरुणाला खिळले होते. तेव्हा लाकडाच्या वखारीचे मालक टेप घेऊन माझ्या जमिनीत शिरले आणि तीस झाडांच्या बुंध्यांवर लाल रंगाच्या फुल्या मारून गेले. त्यांना माझ्या थोरल्या दिरांनी पाठवले होते. मला मूलबाळ नाही, यजमान हयात नाहीत. मी काही न लिहिता गेले तर कायद्याने उतार दिरांकडे जाईल आणि झाडे वखारीत जातील. मी मात्र अजून जिवंत होते आणि खिडकीतून सगळे पाहत होते.

कलम पहिले. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. दिरांनी एखादे पुढे केले तर ते खोटे समजावे.

कलम दुसरे, जमिनीबाबत. हा उतार आमच्याकडे कसा आला ते आधी नोंदवते, कारण कागदपत्रांत फक्त 'वाटणीने' एवढेच आहे. वाटणीच्या दिवशी दिरांनी खालची काळी जमीन स्वतःकडे ठेवली आणि ह्यांना म्हणाले, "धाकट्या, उतार तुझा. दगडगोटे आहेत, पण हवा छान आहे." सगळे हसले. मग मिशीवर ताव देत आणखी म्हणाले, "तिथं झाडं जगली तर ही मिशी उतरवीन." ह्यांनी मान खाली घालून सही केली. मला तेव्हाच बोलायला हवे होते.

उतारावर तेव्हा एकच जुने झाड होते, पार वरच्या टोकाला. आमच्या चार गाई दिवसभर जे काही सापडेल ते चरायच्या आणि ऊन चढले की त्या एका झाडाखाली जाऊन बसायच्या. तिथे शेणाचा थर साचून गवत जळून गेले होते, आणि बाकीचा उतार उघडा होता. एका दुपारी हे बराच वेळ गाईंकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, शेण सावलीच्या मागं जातंय. सावली पसरली तर शेणही पसरेल."

आमची सगळी शेती या एका वाक्यावर उभी आहे. पुढचे सगळे काम त्या वाक्याला हात देण्याचेच होते. आम्ही दहा-दहा पावलांवर तीनशे रोपे लावली, शेंगा धरणारी, मुळांनी माती सुधारणारी. मध्ये गवत पेरले. रोपे गुरांच्या तोंडाला येणार नाहीत एवढी वाढेपर्यंत गुरे आत सोडायची नाहीत, असे ठरवले. तोवर गवत विळ्याने कापायचे आणि डोक्यावरून गोठ्यात न्यायचे. तीन वर्षे माझी मान सरळ झाली नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही दोघे बी आणायला बाजाराला गेलो. परत आलो तर खालचे फाटक सताड उघडे आणि दिरांची बावीस गुरे आत. तीनशेपैकी एकेचाळीस रोपे उरली. बाकीच्यांचे खुंट चावून चोथा झालेले. फाटकाच्या लोखंडी कडीला वीतभर लांबीची खीळ होती, ती कुंपणावर व्यवस्थित ठेवलेली सापडली. दीर म्हणाले, "वाऱ्याने उघडलं असेल." आमच्याकडच्या वाऱ्याला हात आहेत, हे मला त्या दिवशी समजले.

हे दुसऱ्या दिवशी पहार घेऊन पुन्हा खड्डे खणायला लागले. पुढच्या वर्षी, दोनशे बाराव्या खड्ड्यापाशी, छाती धरून खाली बसले ते उठले नाहीत. उरलेले खड्डे मी खणले. खरोखर वाऱ्याने केले असते तर मी त्याला माफ केले असते. दिरांना केलेले नाही, करणार नाही, आणि मेल्यावरही माझे मत बदलेल असे वाटत नाही.

सबब, संपूर्ण उतार, घर, गोठा, अकरा गाई, सर्व झाडे आणि खालचे फाटक मी माझ्या पुतणीला, म्हणजे दिरांच्या मुलीला, जी गुरांची डॉक्टर आहे तिला, कायमचे देत आहे. सहा वर्षांपूर्वी माझी गाय अडली होती तेव्हा ती आली. वासरू सुखरूप बाहेर पडले. बादलीत हात धुता धुता, वर न बघता म्हणाली, "काकू, ती खीळ बाबांनी काढली होती. मी माडीवरून बघितलं. दहा वर्षांची होते, बोलायची हिंमत झाली नाही."

मी विचारले, "मग आज कशी झाली?"

"आज मी माझ्या कमाईचं खाते."

मी तिला चहा दिला आणि आम्ही दोघी रडलो. त्या दिवसापासून जमीन तिची, हा कागद फक्त उशिरा होत आहे.

तिच्यावर अटी दोनच. एक झाड पडले तर दोन लावावीत. आणि फांद्या छाटाव्यात, बुंध्याला हात लावू नये. गुरे कोणत्या भागात किती दिवस ठेवायची ते तिला माझ्यापेक्षा चांगले कळते.

कलम तिसरे, किरकोळ वस्तू. जाऊबाईंकडे माझा लाकडी मुठीचा विळा सत्तावीस वर्षांपासून आहे. तो त्यांनीच ठेवावा, पण आपण तो मागून नेला होता एवढे एकदा कबूल करावे. त्या वाईट नाहीत, त्यांना फक्त नवऱ्यासमोर काही आठवत नाही.

ह्यांचा दाढीचा वस्तरा मी दिरांना देत आहे. धार लावून घेतली आहे. वाटणीच्या दिवशीच्या मिशीसाठी.

स्वयंपाकघरातल्या फळीवर तेहेतीस बरण्या आहेत. दरवर्षी उताराच्या मधोमध त्याच जागी गुडघाभर खणून मी एक बरणी माती भरून ठेवली आहे. पहिल्या बरणीतली माती विटेच्या भुग्यासारखी आहे, शेवटच्या बरणीतली चहाच्या चोथ्यासारखी, आणि गेल्या साली तिच्यात गांडूळही आले होते, ते मी परत सोडले. पहिली आणि शेवटची बरणी दिरांना द्यावी. बाकीच्या पुतणीने ठेवाव्यात.

कलम चौथे, दिरांच्या गुरांबाबत. ट्रॅक्टर सरळ चालावा म्हणून दिरांनी खालच्या जमिनीतले झाडन् झाड काढले. त्या काळ्या जमिनीला आता उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यांची गुरे दुपारभर माझ्या कुंपणाला नाक लावून उभी असतात. गुरांवर माझा राग नाही. म्हणून दिरांच्या हयातीत त्यांच्या गुरांना उन्हाळ्याचे चार महिने उतारावर फुकट चरण्याचा हक्क मी देत आहे. अटी अशा. गुरे दिरांनी स्वतः आणावीत, गडी पाठवू नये. दुपारी त्यांना झाडांखाली बसू द्यावे आणि ती आपणहून उठेपर्यंत हुसकू नये. शेणाचा एक पोसुद्धा उचलून नेऊ नये.

बसलेले जनावर उठले की आधी शेण टाकते. रात्री दिरांच्या गोठ्यात खाल्लेला त्यांचा कडबा, त्यांची पेंड, सगळे रोज दुपारी माझ्या मातीत उतरेल. ज्या गुरांनी माझी रोपे खाल्ली, त्यांची नातवंडे-पतवंडे ती फेडतील. हे कलम दिरांना मोठ्याने वाचून दाखवावे. सगळे कळूनही त्यांना यावे लागेल, माझे समाधान त्यातच आहे.

कलम पाचवे, वाचनाबाबत. हे मृत्युपत्र खालच्या फाटकापाशी वाचावे. पुतणीने आत उभे राहावे, दिरांनी बाहेर, गुरांसह. वाचन संपल्यावर कडीची खीळ, जी मी तीस वर्षे उशाशी ठेवली आहे, पुतणीने दिरांच्या हातात द्यावी. दिरांनी ती तिच्याकडे परत देऊन, "आत येऊ का?" असे विचारावे, आणि ती हो म्हणाली तरच फाटक स्वतःच्या हाताने उघडावे. त्या दिवशी कितीही वारा असला तरी.

लिहून देणार: उतारावरची, धाकट्याची बायको (सही)

साक्षीदार पहिले: दूधगाडीचे ड्रायव्हर (सही). रोज सकाळी येतात, सगळे ऐकून आहेत.

साक्षीदार दुसरे: लाकडाच्या वखारीचे मालक (सही). विसरलेला रंगाचा डबा न्यायला आले होते, तेवढ्यात बसवून घेतले. सही करण्यापूर्वी त्यांनी पूर्ण वाचले, आणि फुल्या पुसायला काय लागते ते विचारले.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल, बरण्यांच्या समोर.
दिनांक: चौदा मार्च, झाडे लावल्यापासूनचे तेहेतिसावे वर्ष.