अकरा पाने आणि ड्रॅगनचा शेवट

काबाइग्वान, ता. ११ मार्च

तीर्थस्वरूप युडोसियाताई यांच्या चरणी धाकट्या मावसभावाचा आदरपूर्वक नमस्कार. आपला गुडघा आता ग्रंथालयाच्या पायऱ्या चढू देतो, हे वाचून समाधान वाटले. माझी प्रकृती उत्तम आहे. आवाज तर त्याहून उत्तम.

सिगारच्या कारखान्यात, काम करणाऱ्या कारागिरांना मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक म्हणून मी उमेदवारी करीत आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. येत्या शुक्रवारी सत्तेचाळीस कारागीर मतदान करून मला कायम करतील किंवा घरी पाठवतील. (वाणिज्य शाखेचा पदवीधर कादंबऱ्या काय वाचणार, असे म्हणणारे आपले काही नातलग आहेत. त्यांना हे पत्र अवश्य दाखवावे. ताजा कलम मात्र झाकून.) सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचन आवडले तर तंबाखूची पाने कापायची पाती मेजावर खणखणतात. नावडले तर जमिनीवर पडतात. याहून नेमके समीक्षण मी अन्यत्र पाहिलेले नाही.

प्रथम आम्ही एक ऐतिहासिक कादंबरी घेतली. चाच्यांनी वेढलेल्या बंदरात एक विधवा भटारीण सत्तर दिवस भट्टी विझू देत नाही. फार समर्थ लेखन. पिठाचे वर्णन असे की वाचताना मला शिंक आली. केवळ एका ठिकाणी लेखकाने मंगळवार म्हटले आहे, तिथे पंचांगाप्रमाणे गुरुवार येतो. मी वाचन थांबवून ही दुरुस्ती सकारण मांडली, तोच एक पाते जमिनीवर पडले. पहिल्या रांगेतली निएवेस ओरडली, “अहो पदवीधर, वार कुठलाही असू द्या! ती बाई जगते का मरते, तेवढं सांगा!” (जगते.)

नंतर बहुमताने ड्रॅगनची कादंबरी आली. अद्भुतकथांविषयी माझे मत प्रतिकूल होते. हा प्राणी रोज बारा बैल खातो. त्या राज्यातली गुरे सतरा महिन्यांत संपायला हवीत, आणि तो तर तीन पिढ्या जेवतो आहे! तथापि त्यातली आंधळी राणी एकटी, अनवाणी सरोवराकडे निघाली, तेव्हा बैल मोजायचे सोडून मी घाईने पान उलटले, हे मान्य केले पाहिजे. आणि पुढचे पानच नव्हते. शेवटची अकरा पाने वाळवीने फस्त केली होती. पुस्तक आधी तपासून घेण्याचा माझा शिरस्ता त्याच एका वेळी मोडला होता, कारण पुढचे आधी वाचले तर गंमत जाईल, असे मला (मला!) वाटले होते.

ताई, मी थांबलो नाही. कोऱ्या पुठ्ठ्यावर नजर ठेवून मी बोलत राहिलो. ड्रॅगन राणीला खांद्यावर घेऊन राज्यावरून उडतो, आणि तिने जन्मात न पाहिलेली तिचीच शेते, छपरे, नद्या तिला एकेक रंग सांगून दाखवतो. निएवेसने डोळ्यांना पदर लावावा तसा हातातला तंबाखूचा पाला लावला. मग पाती अशी खणखणली की शेजारच्या शाळेतली मुले सुट्टी झाली समजून बाहेर पडली. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात एवढा अभिमान मला पदवीदान समारंभातही वाटला नव्हता.

केवळ आर्खेलियो हा जुना कारागीर म्हणाला, “मास्तर, ड्रॅगन कधी ‘उपरोक्त नदी’ म्हणतो होय? मतदानाआधी मला ते पुस्तक बघायचंय.”

घरातील सर्वांस यथायोग्य.

आपला आज्ञाधारक,
लेओकादियो

ता. क. आर्खेलियोची मेहुणी सोराइदा आपल्याच गावी राहते. त्याच कादंबरीची दुसरी प्रत मिळवून शेवट पडताळायला ती मंगळवारी आपल्या ग्रंथालयात येणार आहे. “पुस्तक बांधणीला गेले आहे” असे तिला सांगावे. एकतीस वर्षांत आपण त्या मेजावरून खोटे बोललेल्या नाहीत. म्हणून सोमवारीच ते खरोखर बांधणीला पाठवावे, म्हणजे आपले विधान सत्य ठरेल.

आणखी ता. क. पाठवण्यापूर्वी शेवटची अकरा पाने आपण वाचून घ्यावीत आणि राणीचे पुढे काय झाले, ते उलट टपाली कळवावे. मला दुसरे काही सुचत नाही.

शेवटचा ता. क. लेखकाचा शेवट माझ्याहून सरस असेल, तर कळवू नये.