तळ्याचा राखलेला कोपरा

प्रिय दादा,

काडेपेटीतली ती फडफड आज पहाटेपासून कानात आहे. लाल चतुर पकडून तू काडेपेटीत कोंडायचास, माझ्या कानाला लावायचास आणि म्हणायचास, "ऐक, रेडिओ!" किती दुष्ट होतो आपण!

पण हे पत्र लाडाचं नाही. चिडलोय मी. आज दुपारी वाडीतलं तळं बुजवायला मातीचा डंपर येतोय. तिथे पाहुण्यांच्या गाड्या लागणार म्हणे! रवीला म्हटलं, "अरे, बापाचा तरी विचार कर." तुझ्या लेकानं परवानगीचा कागद पुढे केला. खाली तुझी सही! दवाखान्यात पडल्या पडल्या केलीस, वाचलंस तरी का? आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस?

दर उन्हाळ्यात तळं उपसताना एक कोपरा गवत-शेवाळासकट कोण राखायचं? "तिथं हात लावू नका रे, चतुरांची बाळंतिणीची खोली हाय ती," असं गड्यांना बजावणारा तूच ना?

रवी म्हणतो, डास होतात. अरे, पाण्यातली चतुराची अळीच डासांच्या अळ्या खाते, हे मला शिकवलंस. पोराला शिकवताना तोंड शिवलं होतंस का?

आणि आपलं ते भांडण! मी वहीत लिहिलं, लाल चतुर, पिवळा चतुर, जाती दोन. तू खेकसलास, "गाढवा, जात एकच! पिवळी ती मादी, शेपूट पाण्यावर टेकवत अंडी घालते. लाल तो नर, त्याच त्या काडीवर परत येऊन बसतो, दुसऱ्या लालाला हाकलतो. नवा नरही आधी पिवळाच असतो, मग लाल होतो." मी ऐकतोय कुठला! चतुरला यमक आतुर, एवढंच माझं शास्त्र. म्हातारा होईतो हट्ट धरला. आता पटलंय, तर तूच गेलास. सांगू कुणाला?

दुपारी त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसणार आहे. तुझ्या त्या लाल नरासारखा. डंपर आला तरी उठणार नाही, शब्द देतो.

तुझा, अजून रागावलेला,
बाळू

ता. क. दार वाजलं. उघडतो तर रवी! पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात गवताची काडी. काडीला अळीची फाटलेली कात चिकटलेली आणि तिच्यावर ओल्या पंखांचा पिवळा चतुर.

"काका, भरावाची हद्द आखायला चुन्याची फक्की मारायला उतरलो होतो. आत्ता माझ्यासमोर बाहेर आला हा. बाबा सांगायचे ती मादी हीच का?"

"रंगावरून आत्ता नाही सांगता येणार. नर असेल तर लाल होईल. काही दिवस थांबावं लागेल."

अजून दारातच उभा आहे, दादा. विचारतोय, "मग डंपरवाल्याला काय सांगू?"